हेलपाट्यांची वही : मेपलच्या रानातली नळीदुरुस्ती

१२ जानेवारी

यंदा ही वही एकाच गोष्टीसाठी घातली आहे : मेपलच्या झाडांचा रस आणणाऱ्या नळ्या दुरुस्त करताना पडणारे हेलपाटे मोजायला. मागच्या मार्चात खारीनं कुरतडलेली एक नळी जोडायला मी गुऱ्हाळापासून वरच्या कड्यापर्यंत तीनदा चढलो. पहिल्या खेपेला कटर नव्हता. दुसऱ्या खेपेला जॉइनर, म्हणजे नळीची दोन टोकं जोडणारा तुकडा, विसरलो. तिसऱ्यांदा सगळं होतं, पण नळी मऊ करायचं थर्मासमधलं पाणी गार झालेलं, त्यामुळे नळी काही केल्या जॉइनरवर चढेना. काम पाच मिनिटांचं आणि चाल अडीच तासांची, तीही गुडघाभर बर्फात.

रान माझं नाही. व्हरमाँटमध्ये माउंट मॅन्सफील्डच्या पश्चिम उतारावर आमच्या शेजाऱ्यांचं आहे, ६४० टॅप, म्हणजे रसासाठी झाडांना पाडलेली भोकं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे. वहीत त्यांना 'मालक' म्हणेन. शनिवार-रविवारी मी मदतीला जातो, मजुरी म्हणून रस आटवून केलेलं सिरप मिळतं. ते ज्याला शुगरहाऊस म्हणतात त्याला मी पहिल्या दिवसापासून गुऱ्हाळच म्हणत आलोय. काहिलीऐवजी स्टीलचा लांबोडका इव्हॅपरेटर आहे एवढंच. बाकी वाफ, चिकट जमीन, जळणाची रास आणि रात्री बारा वाजता कुणीतरी 'अजून थोडं आटू दे' म्हणणं, सगळं तेच.

तासगावकडच्या माणसाला हे काम सांगायचं तर ठिबक उलटं चालवलंय असं समजा. ठिबकमध्ये पाणी मेनलाइनमधून लॅटरलमध्ये, म्हणजे फाट्याच्या बारीक नळीत, आणि तिथून झाडाला जातं. इथं रस झाडातून ड्रॉपमध्ये, ड्रॉपमधून लॅटरलमध्ये, लॅटरलमधून मेनलाइनमध्ये आणि मेनलाइनमधून उताराला लागून टाकीत येतो. ड्रॉप म्हणजे झाडात ठोकलेल्या स्पाउटपासून (रसाची तोटी) लॅटरलपर्यंतचा पाऊण मीटरचा तुकडा. टोकाला व्हॅक्यूम पंप. द्राक्षबागेत वाढलेला असल्यामुळे पहिल्या वर्षी मला वाटलं, यात काय अवघड आहे.

वहीचा नियम असा : हातात नसलेल्या वस्तूसाठी मागं फिरावं लागलं तर तो एक हेलपाटा. डबा खायला उतरलो तर तो धरायचा नाही.

आज तळघरात बसून ड्रॉप बनवले. नळीचं एक टोक गरम पाण्यात धरायचं, दहापर्यंत मोजायचं, स्पाउट दाबायचा. दुसऱ्या टोकाला टी, म्हणजे ड्रॉप लॅटरलला जोडणारा तीन तोंडांचा तुकडा. माझ्या मुलीनं, सईनं, चाळीस केले, मी ऐंशी. अंगठे सोलवटले.

१९ जानेवारी

परवाच्या वाऱ्यानंतर पहिली फेरी. उणे १२. रस वाहायला अजून अवकाश आहे, पण लाइन आत्ताच नीट करावी लागते. रस सुटला की दुरुस्तीला सवड मिळत नाही.

सामान खांद्याच्या शबनमसारख्या पिशवीत भरलं होतं. तोच पहिला धडा. वाकलं की पिशवी पुढं येऊन नळीवर आपटते आणि सरळ झालं की मागं जाऊन झाडात अडकते. बर्फावर चालायचे पसरट स्नोशू घालून वाकणं आधीच कसरत, त्यात ही.

दुसरी चूक माझ्या अभिमानाची. घरून आणलेलं द्राक्षछाटणीचं सिकेचर मी कटर म्हणून नेलं. काडी छाटायला ते उत्तम. नळी मात्र ते आधी दाबून चपटी करतं आणि मग तिरकी कापतं. तिरकी कापलेली नळी जॉइनरच्या खांद्याला एका बाजूनं टेकते, दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट राहते. ठिबकमध्ये तेवढ्यानं थेंब गळला असता, कुणी पाहिलंही नसतं. इथं तेवढ्या फटीतून दिवसभर हवा आत जाणार. मालकांनी ते टोक अंगठ्यानं चाचपलं, काही बोलले नाहीत, त्यांचा कटर काढून बोटभर वरून परत कापलं. सरळ. नाण्यासारखं गोल तोंड.

हेलपाटे : ४. (कटर, नळीचा जादा तुकडा, तारा पिळायचा आकडा, कोरडे हातमोजे.)

जादा तुकड्याबद्दल लिहून ठेवतो. कुरतडलेला भाग कापला की नळी बोटभर तरी आखूड होते. लॅटरल आधीच ताणून बांधलेली असते, कारण झोळ पडला की तिथं रस साचतो आणि रात्री गोठतो. म्हणून मध्ये वीतभर नवा तुकडा घालून दोन जॉइनर लावावे लागतात. एका जखमेला दोन जॉइनर, हा हिशेब मी विसरलो होतो.

२० जानेवारी

पाय दुखतायत. बाकी काही नाही.

१ फेब्रुवारी

आज पाच गॅलनची झाकणाची बादली नेली. मालकांच्या भाच्याची पद्धत. तो बादली उलटी ठेवून तिच्यावर बसतोसुद्धा. कल्पना चांगली, पण सपाटीसाठी.

उतारावर बादली टेकवून झाकण उघडलं आणि दोन हातांच्या पकडीसाठी मागं वळलो. ही पकड या कामातलं खरं हत्यार आहे. दोन जबडे नळीला तुटल्या जागेच्या दोन्ही बाजूंना धरतात आणि मुठी आवळल्या की दोन्ही टोकं एकमेकांकडे येतात. ताणलेली नळी तिच्याशिवाय एकट्या माणसाला जोडता येत नाही. तर मी वळलो आणि बादली कलंडली. पांढरे टी, पांढऱ्या बर्फात. सुटा फोल बर्फ, टी पडला की सुईच्या नेढ्याएवढं भोक राहतं आणि तो खाली कुठंतरी फूटभर आत. हातानं उकरायला गेलो की आणखी खाली. मोजून आणलेले पन्नास होते, पंधरा हाती लागले.

मालक म्हणाले, "एप्रिलमध्ये उगवतील."

हेलपाटे : २. दुसरा थर्माससाठी. तो बादलीबरोबर घरंगळत ओढ्यापर्यंत गेला होता. बूच घट्ट होतं हे नशीब.

२ फेब्रुवारी

रविवारचा अण्णांना फोन. बादलीची गोष्ट सांगितली, तर पोटभर हसले. मग म्हणाले, "आरं, जॉइनर दातात धरायचं की. आम्ही काय करतूय?"

"उणे दहात, अण्णा?"

"तोंडात गरम ऱ्हातंय."

हे मात्र खरं आहे. काल शेवटच्या दोन जोडण्या मी तशाच केल्या. थर्मास गेला होता, म्हणून नळीचं टोक तोंडात धरून मऊ केलं. चव प्लॅस्टिकची. मालकही करतात, पण कुणी बघत नसताना.

फोन ठेवता ठेवता अण्णांनी विचारलं, "बाबांची चंची आठवती का?"

आठवते. आजोबा शेताला निघाले की कमरेला चंची. उलगडली की लांब पट्टी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात कात, एकात तंबाखू, चुन्याची डबी वेगळी. काळोखात, बैलगाडी चालवत, न बघता ते बरोबर कप्प्यात बोट घालायचे. गुंडाळली की दोरीचे दोन फेरे, झालं. त्या चंचीतून सुपारी सांडलेली मी पाहिली नाही.

रात्री कागदावर कप्पे आखले.

९ फेब्रुवारी

चंची शिवली. जुन्या तंबूचं कॅनव्हास, सईच्या आईचं मशीन, तीन सुया मोडल्या. उलगडल्यावर लांबी हातभर. एकाखाली एक सहा कप्पे, प्रत्येकावर खोल झाप. आधी वेल्क्रो लावलं होतं, ते उसवलं. त्यात बर्फ भरला की ते चिकटत नाही आणि भरला नसला तर उघडताना हातमोज्याला धरतं. त्याऐवजी झाप नुसती आत खोचायची.

क्रमावर जास्त विचार केला. सगळ्यात वर जॉइनर, कारण दहातल्या सात दुरुस्त्या जॉइनरच्या असतात. मग टी. मग लॅटरलच्या शेवटच्या झाडाला फास घालून अडकवायच्या रिंगा. मग स्पाउट. मग लॅटरल जोडायला मेनलाइनवर बसणारी सॅडल, चारच, कारण जड आणि क्वचित लागतात. तळाला तारेचे तुकडे आणि रंगीत फितीची गुंडी. कमरेला नाही, गळ्यात अडकवायची आणि छातीवर उलगडायची. म्हणजे वाकलं तरी कप्प्यांची तोंडं वरच राहतात.

तयार ड्रॉप त्यात मावत नाहीत. ते दहाची जुडी करून पाठीवर. पाठीसाठी मालकांनी त्यांची जुनी टोपली दिली. ॲशच्या लाकडाच्या पट्ट्या विणून केलेली, उभी, ताठ, चामड्याच्या पट्ट्यांची. या भागात अबेनाकी हे इथले मूळनिवासी लोक अशा पट्ट्यांच्या टोपल्या पिढ्यान्‌पिढ्या विणत आलेत. माझ्या शबनमशी तुलनाच नको. खाली ठेवली की उभी राहते, त्यामुळे आतला थर्मासही उभा. आपल्याकडच्या हाऱ्याला पाठीचे पट्टे लावले तर असंच काही होईल.

१६ फेब्रुवारी

टॅपिंग. हे दुरुस्तीचं काम नाही, पण वाहायचं सामान वेगळं म्हणून नोंद.

ड्रिल, पाच सोळांश इंचाचं बिट, प्लॅस्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी. भोक दीड ते दोन इंच खोल, किंचित वर चढतं, म्हणजे रस बाहेरच्या बाजूला उतरतो. गेल्या वर्षांची भोकं शोधून त्यांच्यापासून लांब जायचं. भुसा पांढरट आला तर जिवंत लाकूड, तपकिरी आला तर जागा चुकली. स्पाउट ठोकताना आवाज बदलतो. टक, टक, ठप्प. 'ठप्प' आला की थांबायचं. आणखी एक ठोका हौसेनं घातला की साल फाटते आणि तिथून हवा खेचली जाते.

बॅटरी उणे आठात अर्ध्या कामात मान टाकते. दोन जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आत, बगलेत. एक गार झाली की बदलायची. फोनही तिथंच. दुपारपर्यंत माझ्या छातीवर चंची, आत दोन बॅटऱ्या आणि फोन. सई म्हणाली, "बाबा, तुम्ही बॉम्ब निकामी करायला निघाल्यासारखे दिसता."

हेलपाटे : १. (बिट बोथट झालं, दुसरं गुऱ्हाळात.)

२३ फेब्रुवारी

बुधवारच्या वादळात एक बर्च थेट मेनलाइनवर पडला. ही एक इंची नळी हाय टेन्साइल तारेला बांधलेली असते. झाड पडलं की तार धनुष्यासारखी ताणून जमिनीला टेकते. बुंधा कापला की तार उसळणार, आणि वर जे काही आडवं असेल त्याला घेऊन उसळणार. चेनसॉ मालकांच्या हातात, मी चढाच्या बाजूला वीस पावलं लांब. त्यांनी आधी फांद्या उतरवल्या, मग शेंड्याकडून दोन-दोन हात कापत वजन कमी केलं. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा तार 'झण्ण' करून वर गेली आणि सगळ्या ओळीवरचा बर्फ एकदम झडला.

चेनसॉ, तेल, दोन मोठे जॉइनर, चार स्टीलचे क्लॅम्प, आठ मिलिमीटरचा नट ड्रायव्हर, तीन मीटर मेनलाइन. हे पाठीवर नको म्हणून प्लॅस्टिकची घसरगाडी ओढत नेली होती. चढताना ती शहाण्यासारखी मागं येते. उतरताना तुमच्या घोट्यांवर येते. मालक येताना तिला पुढं सोडून दोरी मागून धरतात, म्हणजे ती ओढत नेते आणि आपण लगाम धरल्यासारखं चालतो. हे मला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

एक इंची नळी थर्मासात बुडवता येत नाही, ती तारेला बांधलेली. टोकाला फडकं गुंडाळायचं, त्यावर गरम पाणी हळूहळू ओतायचं, मिनिटभर थांबायचं. मग जॉइनर जातो. फडकं टोपलीत कायमचं ठेवलं.

हेलपाटे : ०. पण हे सामान मालकांनी भरलं होतं, माझं श्रेय नाही.

४ मार्च

टाऊन मीटिंगचा मंगळवार. गावाचं अंदाजपत्रक हात वर करून मंजूर होतं, मग सगळे मिळून जेवतात. नळ्यांऐवजी झाडाला बादल्या टांगायच्या त्या काळात टॅपिंगचा मुहूर्त हाच धरायचे. आज रात्री उणे ४, दुपारी ५. पहिला रस सुटला. टाकीत पडताना तो पाण्यासारखा दिसतो आणि चवीलाही पाणीच, शेवटी जिभेवर किंचित गोड. साखर २ टक्क्यांच्या आसपास. एक गॅलन सिरपला साधारण ४० गॅलन रस आटवावा लागतो.

८ मार्च

आज पंपाचा काटा २१ इंचावर अडकला (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात). काल २६ होता.

रात्री झाड गोठतं, दिवसा वितळतं, तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो आणि रस भोकातून येतो. पंप झाड पिळत नाही, फक्त बाहेरचा दाब कमी करतो, म्हणजे दोन्हींतला फरक वाढतो. इथून जवळच अंडरहिलला व्हरमाँट विद्यापीठाचं प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र आहे, १९४६ पासूनचं. या भागातले शेतकरी जो आकडा तोंडपाठ सांगतात तो असा : व्हॅक्यूम एक इंचानं वाढला की रस ५ ते ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे माझे पाच इंच गेले होते.

आणि इथं ठिबकवाल्याची सगळी हुशारी संपते. ठिबकची नळी फुटली की कारंजं उडतं, चिखल होतो, बांधावरून दिसतं. इथं नळी फुटली की बाहेर काहीच होत नाही. एक थेंब पडत नाही. हवा आत जाते. तुमचं नुकसान गुपचूप, कोरडं, पांढऱ्याशुभ्र रानात चालू असतं.

मालक खाली काट्यापाशी, हातात वॉकीटॉकी. मी मेनलाइनच्या कडेनं वर. प्रत्येक लॅटरल मेनलाइनला मिळते तिथं ती दुमडून धरायची आणि थांबायचं, काट्याला उठायला वेळ लागतो.

"एकवीस."

सोडली. पुढची.

"एकवीस."

अकराव्या लॅटरलला यंत्रात खरखर झाली. "बावीस... साडेबावीस. तीच."

मग ती लॅटरल धरून वर. नळीत डोळा लावायचा. नीट चाललेल्या लाइनीत रसाचे तुकडे आणि बुडबुडे संथ सरकतात. गळती असली की बुडबुडे पळतात. ते जिथून पळायला लागतात तिथं दोष. दोन झाडांच्या मध्ये येऊन उभा राहिलो, टोपी कानावरून वर केली, श्वास धरला. स्नोशू जरा हलला तरी करकर होते, म्हणून तोही स्थिर. ओढ्याचा आवाज मनातून वजा केला. तेव्हा ऐकू आलं, 'स्स्स', दातातून वारा जावा तसं. टीच्या शेजारी चार खाचा, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. खार.

हातमोजे न काढता वरच्या कप्प्यात दोन बोटं घातली, दोन जॉइनर बाहेर. पकड गळ्यात. कटर दोरीनं मनगटाला. थर्मास टोपलीत उभा, पाणी अजून वाफाळतं. कापलं तेव्हा लाइन सूं करून ओरडली, तुकडा घातला, मुठी आवळल्या, आवाज बंद. घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं. अशा तीन जागा मिळाल्या. शेवटी काटा साडेपंचवीस.

हेलपाटे : ०. अण्णांना मेसेज केला. उत्तर आलं : '👍 चुना कुठं ठेवतोस'.

१५ मार्च

फार फुशारक्या मारल्या होत्या.

रानाच्या उत्तरेच्या कड्याला पंप नाही. तिथं चढ इतका आहे की बारीक, तीन सोळांश इंची नळी लावली की खाली उतरणाऱ्या रसाचा भरलेला स्तंभच वरून ओढ घेतो, पंपाचं काम उतारच करतो. बारीक नळीचे जॉइनर वेगळे. मी ते चंचीत जाड्यांच्याच कप्प्यात टाकले होते, 'दिसतीलच की' म्हणून. सूर्य कड्याआड गेला, चष्म्यावर वाफ, बोटं बधीर. पाच वेळा जाडा हाताला आला. सहाव्यांदा बारीक आला तो खाली पडला आणि बर्फात गेला.

हेलपाटे : १, आणि अंधारात. घरी आल्यावर बारीकांसाठी सातवा कप्पा शिवला, त्याच्या झापेवर कोटाचं मोठं लाकडी बटण. हातमोज्यातूनही कळतं. जाड्यांना बटण नाही. आजोबांच्या चंचीतही तंबाखूच्या कप्प्याला गाठ होती, ती का, हे मला आज कळलं.

३० मार्च

दोन आठवडे नोंद नाही कारण रात्री गुऱ्हाळात जात होत्या. आतापर्यंत २०० गॅलनच्या वर सिरप. रंग दिवसेंदिवस गडद. मालकांना गडदच आवडतं, गिऱ्हाइकांनाही आता आवडायला लागलंय.

एक बदल : सोबतचं सामान निम्मं केलं. सॅडल चारची दोन केली, तयार ड्रॉप दहाचे पाच. करवत मात्र कमी केली नाही. घडीची, वीतभर पात्याची. रोज वाटतं आज नको आणि रोज एक तरी फांदी लाइनीवर आडवी असते.

हेलपाटे : १. जवळचा चष्मा. खारीच्या दातांच्या खाचा लांबच्या चष्म्यातून दिसत नाहीत. वय.

१३ एप्रिल

रात्री गोठत नाही. कळ्या फुगल्या, कालच्या रसाला वास आला. हंगाम संपला. स्पाउट उपसले. भोकं तशीच ठेवायची, झाड ती स्वतः मिटवतं.

बर्फ फक्त ओढ्याच्या कडेला उरलाय. बादली कलंडली होती त्या जागी गेलो. सुकलेल्या पानांवर पांढरे ठिपके. वाकून वेचले, अकरा टी. एकात कोळ्यानं जाळं केलं होतं, त्याला फुंकर मारली. मालक मागून आले, मुठीतले मोजून पाहिले आणि म्हणाले, "उरलेले पुढच्या वर्षी."

टी धुवून, वाळवून, चंचीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवले.